गॅस गेला कुठे? मोटारीतल्या गारव्याचा आणि त्याच्या दुरुस्तीचा इतिहास



इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजघराणी येतात, लढाया येतात, फार तर चळवळी येतात. आज आपण एका दुरुस्तीचा इतिहास पाहणार आहोत. मोटारीचा एसी गार करेनासा झाला की आपण गाडी गॅरेजमध्ये नेतो. बॉनेट उघडलं जातं आणि दोन मिनिटांत निकाल लागतो, "साहेब, गॅस कमी झालाय, भरून टाकतो." आपण पैसे देतो, गार हवा सुरू होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात, कधीकधी त्याच उन्हाळ्यात, पुन्हा तिथेच येऊन उभे राहतो.

या संवादात एक साधा प्रश्न राहून जातो. गॅस कमी झाला, म्हणजे गेला कुठे? पेट्रोल जळतं, म्हणून ते पुन्हा भरावं लागतं. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्चही होत नाही. तो बंद नळ्यांतून नुसता फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, दुसरा अर्थच निघत नाही. तरीही हा प्रश्न न विचारण्याची सवय आपल्याला लागली. ती कशी लागली, तो प्रश्न शेवटी कुणी विचारला, आणि त्यातून गॅरेजचं काम कसं बदललं, एवढाच आजचा विषय. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र आणि दर्शनं शिकवली, त्यामुळे अधूनमधून तिकडे वळू. पण फार लांब जाणार नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. माठातलं पाणी गार का होतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पाणी माठातून पाझरतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. एसीचं तत्त्व हेच. फरक इतकाच, की माठाची वाफ हवेत निघून जाते आणि इथे ती वाफ पकडून पुन्हा द्रव केली जाते. डॅशबोर्डच्या आत एक जाळी असते, तिला गॅरेजात कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यात द्रवाची वाफ होते, ती गाडीतली उष्णता शोषते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ही वाफ ओढून दाबतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि पुन्हा द्रव होते. मग ड्रायरमधून जाताना तिच्यातला ओलावा शोषला जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून ती पुन्हा कॉइलमध्ये येते, आणि फेरा पूर्ण होतो.

आता एक गंमत पाहा. घरातला फ्रिज पंधरा-वीस वर्षं त्याच गॅसवर चालतो. मोटारीला मात्र गळतीचा शापच असतो. का? फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर, दोन्ही एकाच डब्यात वितळजोड करून बंद केलेली असतात. तिथे आत जाते ती फक्त विजेची तार. मोटारीत कॉम्प्रेसरला इंजिन फिरवतं, म्हणून त्याचा दांडा डब्याच्या बाहेर काढावा लागतो. जिथे फिरता दांडा बाहेर येतो तिथे सील लागतं, आणि सील आज ना उद्या झिजतं. शिवाय इंजिन हादरतं, त्यामुळे काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. नळ्यांचे सांधे ओ-रिंगवर बसवावे लागतात. कंडेन्सर गाडीच्या तोंडाशी असल्यामुळे रस्त्यावरचे खडे त्याला झेलावे लागतात. थोडक्यात, मोटारीचा एसी हा जन्मतःच गळू शकणारा एसी आहे. त्याची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः गळतीचं शास्त्र.

आता इतिहासाकडे येऊ. विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवेतला ओलावा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत, अशी तिथली अडचण होती. म्हणजे आधुनिक वातानुकूलन जन्मलं ते कागदासाठी. माणसाचा नंबर नंतर लागला.

मोटारीत ते आलं १९३९ च्या नोव्हेंबरात. शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने एसी बसवलेली गाडी मांडली. जास्तीची किंमत २७४ डॉलर. कूलिंग कॉइल मागे डिकीत होती, तिने डिकीची बरीच जागा खाल्ली होती. आणि मुख्य म्हणजे कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गार फार झालं तर काय करायचं? गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवायचा! ही सोय अर्थातच फार चालली नाही आणि दोन-एक वर्षांत पॅकार्डने ती बंद केली. महायुद्ध संपल्यावर, १९५३ साली, क्रायस्लर आणि जनरल मोटर्स यांनी नव्या यंत्रणा आणल्या. १९५४ साली नॅश कंपनीने सगळी यंत्रणा डिकीतून काढून गाडीच्या पुढच्या भागात बसवली. आज आपण वापरतो ती मांडणी साधारण तिथून सुरू होते. विद्युतचुंबकीय क्लचही याच दशकात रुळला. कॉम्प्रेसर लागेल तेव्हा जोडला जातो, नको तेव्हा सुटतो. बटण दाबल्यावर आपल्याला जो 'टक्' असा आवाज येतो, तो त्याचा. १९६९ पर्यंत अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक नव्या मोटारींत एसी आला होता.

पण या सगळ्याच्या आत फिरणारा पदार्थ कोणता होता? आपल्या प्रश्नाची मुळं तिथे आहेत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत शीतयंत्रांमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे वायू वापरत. विषारी खरे, पण त्यांच्यात एक गुण होता. गळले की नाकाला लगेच कळायचं. डोळे चुरचुरायचे, घशात आग व्हायची, माणसं खिडक्या उघडून धावायची. १९२८ साली थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागासाठी एक नवा पदार्थ शोधला. त्यात कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन होते. तो विषारी नव्हता, जळत नव्हता, धातू खात नव्हता, आणि त्याला जवळजवळ वासही नव्हता. फ्रिऑन हे त्याचं व्यापारी नाव. आपल्या गॅरेजांतला आर-१२ तो हाच. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने तो वायू छातीभर ओढून घेतला आणि त्याच श्वासाने पेटलेली मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि जळतही नाही, दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध!

मित्रहो, इथे जरा थांबू. निरुपद्रवी वायू मिळाला, फार चांगलं झालं. पण त्याबरोबर एक गोष्ट हातची गेली. बिघाड बोलायचा थांबला. पूर्वी गळती स्वतः ओरडून सांगायची, आता ती मुकी झाली. गळलं तरी कुणाला खोकला येत नाही, कुणी खिडकी उघडत नाही. गॅस स्वस्त, त्यामुळे खिशालाही फारसं कळत नाही. मग 'कमी झाला की भरा' हा रिवाजच पडला. नळी बदलायची असेल तर आतला सगळा गॅस सरळ हवेत सोडून देत. ज्या गोष्टीने कुणाचं नुकसान होत नाही ती गोष्ट 'गेली', आणि 'गेली' म्हणजे जणू नाहीशीच झाली, असा समज कारागिरांचा होता, कंपन्यांचा होता आणि शास्त्रज्ञांचाही होता.

गळती शोधण्याचे मार्ग नव्हते असं मात्र नाही. साबणाचं पाणी होतंच. शिवाय हॅलाइड टॉर्च नावाचा एक छोटा दिवा असे. तापलेल्या तांब्यावर क्लोरीनचा अंश आला की त्याची ज्योत हिरवी होते. सांध्याजवळ नळी नेली आणि ज्योत हिरवी झाली, की गळती तिथे. युक्ती सुंदर, पण जोखमीची, कारण ज्योतीत गेलेल्या आर-१२ पासून फॉसजीनसारखे घातक वायू तयार होतात. निरुपद्रवी पदार्थ ज्योतीपाशी गेला की वेगळा होतो, ही सूचना या दिव्यात होती. तो हवेत उंच गेल्यावर काय होतं, हे तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्वतः बनवलेलं संवेदनशील उपकरण जहाजावर नेलं आणि मोजमापं घेतली. ज्या समुद्रावर ना कारखाने ना मोटारी, तिथल्या हवेतही या कुळातला वायू सापडला. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथे शेरवुड रोलँड आणि तरुण मारिओ मोलिना यांनी हाच धागा धरला. आपला प्रश्न त्यांनी शब्दशः विचारला, हा वायू शेवटी जातो कुठे? खाली कशाशीही संयोग पावत नाही, पावसात विरघळत नाही, म्हणजे तो वर जातो. खूप वर, स्थितांबरात, सूर्याचे अतिनील किरण त्याला फोडतात आणि क्लोरीन मोकळा होतो. तो क्लोरीन ओझोनचे रेणू तोडतो. एका अणूकडून सुमारे एक लाख रेणू तुटू शकतात. १९७४ साली त्यांचा निबंध 'नेचर' नियतकालिकात आला. उद्योगांनी प्रखर विरोध केला. १९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावर ओझोन कमालीचा विरळ होत असल्याची मोजमापं प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. रोलँड, मोलिना आणि पॉल क्रुट्झन यांना १९९५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ओझोनची ही कथा आपण अनेकदा ऐकतो. तिची दुसरी बाजू गॅरेजात घडली, ती फारशी सांगितली जात नाही. मोटारींचे एसी हा आर-१२ च्या मोठ्या वापरांपैकी एक होता, आणि त्यातला पुष्कळसा गॅस गळतीची भरपाई करण्यातच जाई. म्हणजे वरच्या बिघाडाचं एक मूळ खालच्या गॅरेजातल्या 'भरून टाकतो' या वाक्यात होतं. अमेरिकेने १९९० साली स्वच्छ हवेच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि मोटारीच्या एसीला हात लावणाऱ्या कारागिराला प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि गॅस परत ओढून घेणारं यंत्र सक्तीचं केलं. ज्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं त्या माणसावर कायद्याने जबाबदारी टाकली. हा अपमान समजायचा की सन्मान? आमच्या मते सन्मान. ज्याच्या हातून काही बिघडू शकतं आणि सुधारूही शकतं, त्यालाच आपण जबाबदार धरतो.

पुढे आर-१२ जाऊन आर-१३४ए आला. यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धक्का नाही. १९९४ च्या सुमारास अमेरिकेतल्या सर्व नव्या गाड्या त्यावर गेल्या. पण जुन्या गाड्यांचं काय? नुसता जुना गॅस काढून नवा भरला असं होत नाही. आर-१२ बरोबर खनिज तेल फिरायचं, ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. मग तेल कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून तेल बदलायचं, ओ-रिंगा बदलायच्या, ड्रायर बदलायचा. चुकून मिसळ होऊ नये म्हणून गॅस भरायची तोंडंही मुद्दाम वेगळी केली. आर-१२ ची आट्यांची, आर-१३४ए ची दाबून बसणारी. हिरव्या ज्योतीचा दिवाही एका दिवसात निकामी झाला, कारण नव्या गॅसात क्लोरीनच नाही. आणि जुना गॅस करांमुळे एवढा महागला की तो चोरून आणला जाऊ लागला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मायामीत अमली पदार्थांच्या खालोखाल तस्करी या गॅसची होते, असं तिथले अधिकारी सांगत. नवा मार्ग काढताना जुन्या गाडीवाल्याचा विचार उशिरा झाला, की असंच होतं.

आपल्याकडे हा इतिहास थोडा मागून आला. अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात एसी म्हणजे बहुधा बाहेरून बसवून घेतलेला, डॅशबोर्डखाली लटकणारा डबा. गाडी एकाची, एसी दुसऱ्याचा, नळ्या तिसऱ्याने वाकवलेल्या. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि तिच्यामागोमाग कंपनीनेच बसवलेला एसी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागला. भारत मॉन्ट्रियल करारात १९९२ साली सामील झाला. २००० साली ओझोन-घातक पदार्थांबद्दलचे नियम निघाले, १ जानेवारी २००३ पासून नव्या उपकरणांत सीएफसी वापरायला मनाई झाली, आणि २०१० पासून त्याचा सर्वसाधारण वापरच संपला.

पण नियम दिल्लीत निघतात आणि गाडी उभी असते पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला. तिथल्या कारागिराने हे काम उस्तादाच्या हाताखाली शिकलेलं असतं. त्याच्या बोटांना जे कळतं ते आम्हांला दहा पुस्तकं वाचून कळणार नाही. नळीला हात लावून तो सांगतो, इथे गार, इथे गरम, म्हणजे अडकलंय मध्ये. सांध्यावर तेलकट धूळ दिसली की तो थांबतो, कारण गॅसबरोबर तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ चिकटते. हे खरं निदान आहे. आयुर्वेदात निदान या शब्दाचा मूळ अर्थच 'कारण' असा आहे. मग गडबड होते कुठे?

गडबड होते ती अनुमानात. आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचा एक प्रकार आहे शेषवत्, म्हणजे कार्य पाहून कारण ओळखणं. नदीला पूर दिसला म्हणजे वर पाऊस झाला असणार. दुसऱ्या अध्यायात यावर आक्षेप येतो. खाली बांध घातला तरी पाणी फुगतं, मग तुमच्या अनुमानाचं काय? सिद्धान्ती उत्तर देतो, की नुसतं फुगलेलं पाणी पाहून आम्ही अनुमान करत नाही. ओढ किती आहे, फेस आहे का, पानं-लाकडं वाहून येताहेत का, हे सगळं पाहून करतो. जे लक्षण अनेक कारणांत सारखंच दिसतं त्याच्यावर निष्कर्ष उभारणं, याला नैयायिक सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात.

'हवा गार येत नाही, म्हणून गॅस कमी आहे' हा असाच हेत्वाभास आहे. लक्षणं जरा निवडून पाहू या.

वाराच कमी येत असेल तर गॅसचा संबंध बहुधा नाही. केबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो, किंवा ब्लोअर मंदावलेला असतो, किंवा कॉइलवर बर्फ चढलेला असतो. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, असं असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा पाहावा, कंडेन्सरमध्ये चिखल-कचरा बसलाय का ते पाहावं. सुरुवातीला छान गार, मग गरम, थोडा वेळ बंद ठेवलं की पुन्हा गार, असं होत असेल तर आत ओलावा शिरून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठत असेल, किंवा कॉइल गोठत असेल, किंवा तापल्यावर क्लच पकडत नसेल. क्लच सारखा लागतो-सुटतो, टक्-टक् चालूच, तेव्हा मात्र गॅस कमी असल्याचा संशय रास्त आहे, कारण दाब पडला की स्विच कॉम्प्रेसरला थांबवतो. पायाशी पाणी सांडत असेल तर ते गॅसचं नाही, कॉइलवर जमलेलं दव बाहेर नेणारी नळी तुंबलेली आहे. कुबट वास येत असेल तर कॉइलवर बुरशी आहे.

मग गेजची पाळी येते. दोन काटे, लो आणि हाय. पस्तीस अंशांच्या आसपासच्या हवेत, आर-१३४ए वर, ढोबळमानाने लो बाजू ३० ते ५० पौंड आणि हाय बाजू २०० ते २७५ पौंड दिसते. गाडीगणिक आणि हवेगणिक यात फरक पडतो. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त भरलाय किंवा कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाही. लो वर आणि हाय खाली असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. लो बाजू फार खाली, जवळजवळ शून्याकडे गेली तर वाट अडली आहे. एकाच काट्यावर निर्णय देणारा माणूस फुगलेलं पाणी पाहून पाऊस सांगणारा. दोन काटे, पंखा, नळ्यांचं तापमान, सांध्यांवरचं तेल, हे सगळं एकत्र पाहणारा माणूस फेस आणि पानं पाहणारा. वात्स्यायनाने शेषवत् शब्दाचा आणखी एक अर्थ दिला आहे, परिशेष, म्हणजे एकेक शक्यता बाद करत उरेल ती स्वीकारणं. चांगल्या गॅरेजात रोज दुपारी हेच चाललेलं असतं. त्याला ते नाव माहीत नसतं, इतकंच.

आता 'भरून टाकतो' यात नेमकं चुकतं काय, ते पाहू. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचं उदाहरण घ्या. सिलिंडर भरलेला असो की अर्धा, आतला दाब जवळपास तेवढाच असतो, कारण द्रव शिल्लक आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर. म्हणून सिलिंडरमध्ये किती उरलं हे आपण उचलून, तोलून पाहतो. एसीचंही तसंच आहे. यंत्रणा बंद असताना गेजवर दिसणाऱ्या दाबावरून आत किती ग्रॅम गॅस आहे ते कळत नाही. चालू असताना अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. लहान गाडीत सगळा मिळून साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम गॅस असतो, त्यात पन्नास-शंभर ग्रॅमची चूक म्हणजे मोठी चूक. म्हणून बॉनेटखालच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. किती भरायचं ते तिथेच लिहिलेलं आहे, वाचायचं तेवढं बाकी.

नीट दुरुस्तीचा क्रम असा. उरलेला गॅस यंत्राने ओढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन साबणपाण्याने गळती शोधायची, किंवा गॅसबरोबर रंगद्रव्य सोडून अतिनील दिव्याखाली पाहायचं, किंवा इलेक्ट्रॉनिक शोधक फिरवायचा. सापडलेली जागा दुरुस्त करायची, उघडलेल्या सांध्यांच्या ओ-रिंगा बदलायच्या. यंत्रणा उघडी राहिली असेल तर ड्रायर बदलायचा. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढायचा. खोल व्हॅक्यूममध्ये पाणी खोलीच्या तापमानालाही उकळतं आणि आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो. हे टाळलं तर ओलावा गोठतो किंवा गॅस-तेलाबरोबर आम्ल तयार करून आतून धातू खातो. पंप बंद करून काही वेळ काटा पाहायचा. तो वर चढू लागला तर कुठेतरी अजून गळती आहे. सगळं ठीक असेल तर वजन करून गॅस भरायचा.

याला वेळ लागतो, पैसे लागतात. आणि इथे केवळ कारागिराला दोष देऊन आपल्याला सुटता येणार नाही. "लवकर करून दे, फक्त गॅस भर" असं आपणच म्हणतो. गळती शोधायला दोन तास लागले तर त्या दोन तासांचे पैसे द्यायला आपण का-कू करतो, कारण हातात काही वस्तू मिळाली नाही असं आपल्याला वाटतं. गॅसचे पैसे देतो, कारण गॅस 'मिळाला'. शोधण्याच्या कष्टाला आपल्याकडे किंमत नाही, म्हणून शोध होत नाही.

कुणी म्हणेल, आता तो जुना गॅस गेला, ओझोन सावरतोय, मग एवढी काळजी कशाला? ओझोन सावरतोय हे खरं, आणि आनंदाचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या मूल्यमापनानुसार जगाच्या बहुतेक भागांत तो २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, धोरणं टिकली तर. माणसांनी मिळून एक बिघाड शोधला, मान्य केला आणि दुरुस्त करायला घेतला, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

पण आर-१३४ए ची दुसरी बाजू आहे. तो पृथ्वी तापवतो, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. आपल्या गाडीतला ४०० ग्रॅम गॅस हवेत गेला, तर तो सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो तो वायू निघतो. म्हणजे एकदा गळून गेलेला गॅस हा जवळजवळ २५० लिटर पेट्रोल जाळल्यासारखा आहे. युरोपीय संघाने २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत तो बंद केला आणि तिथे आता आर-१२३४वायएफ हा पुष्कळ सौम्य वायू वापरतात. हा थोडा ज्वालाग्राही आहे, त्यामुळे त्याची यंत्रं वेगळी, शिक्षण वेगळं. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे मॉन्ट्रियल कराराला दुरुस्ती जोडली गेली, भारताने ती २०२१ साली स्वीकारली. त्यानुसार आपल्याकडे २०३२ पासून टप्प्याटप्प्याने अशा वायूंचा वापर उतरवत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. म्हणजे पुढच्या वीस-बावीस वर्षांत आपल्या कारागिरांना पुन्हा एकदा सगळं नव्याने शिकावं लागणार. मागच्या वेळी ते ज्याच्या-त्याच्या नशिबावर सोडलं होतं. या वेळी त्यांना वेळेवर शिक्षण आणि यंत्रं मिळाली नाहीत, तर करार कागदावर राहील आणि गळती नळीत.

एसी सोडून द्या, असं सांगायला आम्ही इथे आलेलो नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकांच्या केबिनला आपल्याकडे एसी सक्तीचा झाला. विदर्भाच्या मे महिन्यात इंजिनाला टेकून बारा तास बसणाऱ्या चालकाला गार हवा मिळणं ही चैन नव्हे. पण एसी जितके वाढतील तितके सांधे वाढतील, आणि प्रत्येक सांधा कधीतरी गळणार. म्हणून गारव्याचा हक्क आणि दुरुस्तीची शिस्त या दोन्ही गोष्टी बरोबरच वाढवाव्या लागतील.

शेवटी, उद्या गाडी गॅरेजात न्याल तेव्हा तीन प्रश्न विचारा. कारागिराशी वाद घालायला म्हणून नव्हे, त्याच्याबरोबर बसून विचारा. गॅस गेला तर गळती कुठे आहे, ते दाखवाल का? व्हॅक्यूम किती वेळ ओढणार? आणि गॅस वजन करून, पट्टीवर लिहिलाय तेवढाच भरणार ना? पहिल्या प्रश्नाला "उद्या गाडी ठेवून जा, शोधावं लागेल" असं उत्तर मिळालं, तर गाडी खुशाल ठेवा. बस किंवा रिक्षाने घरी या. आणि परत जाल तेव्हा त्या शोधण्याचे पैसे कुरकुर न करता द्या.